उन्हाळ्यातील पेण-रोहे : ज्येष्ठांना घेऊन कुठे जावे, केव्हा जावे?

एप्रिल सरत आला की पेण आणि रोह्याच्या घरांतील वर्दळ वाढू लागते. मुंबई, ठाणे, पुण्याकडील मुले, सुना, लेकी आणि नातवंडे सुट्टीसाठी गावी येतात. अंगणात वाळवणे पडतात, माळ्यावर आंब्याची अढी लागते आणि दोन-चार दिवसांतच ‘आज कुठे जायचे?’ हा प्रश्न निघतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून त्यांना घरी ठेवले जाते. नाही तर सर्वांबरोबर भर दुपारी गाडीत बसवून दिवसभर फिरवले जाते. दवाखान्यात मी या दोन्हींचे परिणाम दर उन्हाळ्यात पाहतो. पहिल्याने मन कोमेजते, दुसऱ्याने शरीर. या दोहोंमधला मार्ग आहे आणि तो आपल्याच परिसरातून जातो. त्यासाठी केवळ घड्याळ आणि पाण्याची बाटली सांभाळावी लागते.

आपल्याकडचा उन्हाळा निराळा का?

विदर्भात पारा चाळीस ओलांडतो, आपल्याकडे तो बहुधा पस्तिशीच्या आसपास असतो. म्हणून कोकणचा उन्हाळा सौम्य, असा समज आहे. तो अपुरा आहे. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम येऊन नव्हे, तर तो घाम वाळून. धरमतरची खाडी आणि खारेपाट जवळ असलेल्या आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि क्षार जातात, थंडावा मात्र मिळत नाही. हे ध्यानात घेऊनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा निकष सपाट प्रदेशासाठी ४० अंश, तर किनारपट्टीसाठी ३७ अंश धरते. अर्थात तापमान नेहमीपेक्षा बरेच वाढलेले असेल तेव्हाच लाट जाहीर होते.

समुद्रापासून आत गेले की वाऱ्याचा आधारही तुटतो. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदवले गेले होते. पण धोका अशा विक्रमी दिवसांपुरता नसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा जण दगावले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान सुमारे ३८ अंश होते. मोकळे ऊन, दमट हवा आणि तासन्‌तास एका जागी बसणे या तिन्हींची एकत्र किंमत किती असू शकते, हे आपल्या जिल्ह्याने तेव्हा पाहिले.

वाढत्या वयात यात आणखी भर पडते. साठी-सत्तरीनंतर तहानेची जाणीव मंदावते; शरीराला पाणी हवे असते, पण मन मागत नाही. घामाच्या ग्रंथी पूर्वीइतक्या तत्पर राहत नाहीत. शिवाय रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, कंपवात यांवरील काही औषधे शरीराची उष्णतेशी जुळवून घेण्याची शक्ती कमी करतात.

दिवस तीन भागांत वाटून घ्यावा

माझा सल्ला साधा आहे. सकाळी सहा ते नऊ हा फिरण्याचा वेळ. अकरा ते साडेचार हा घरातील वेळ. पाच वाजल्यानंतर पुन्हा बाहेर. या वेळापत्रकात बसणारी ठिकाणे आपल्या परिसरात भरपूर आहेत.

सकाळसाठी कर्नाळा. पेणहून पनवेलच्या दिशेने मुंबई-गोवा महामार्गावर अर्ध्या-पाऊण तासावर हे पक्षी अभयारण्य आहे. अंगठ्यासारखा उभा सुळका असलेला किल्ला तरुणांनी चढावा. ज्येष्ठांनी पायथ्याच्या झाडीतील वाटेवर सावकाश चालावे आणि बसावे. पावसाळा जवळ आला की शीळकरी कस्तुराची शीळ येथे ऐकू येते. दृष्टी अधू झालेल्या आजोबांनाही हा आनंद पुरेपूर घेता येतो, कारण त्यासाठी फक्त कान हवेत.

गागोदे बुद्रुक. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील या गावी झाला आणि त्यांचे बालपणही येथेच गेले. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने भूदानाचे दिवस प्रत्यक्ष पाहिले किंवा घरात ऐकले आहेत. आजी-आजोबांना येथे ‘पाहुणे’ म्हणून नेऊ नये, ‘सांगणारे’ म्हणून न्यावे. नातवंडांनी प्रश्न विचारावेत, त्यांनी उत्तरे द्यावीत. जुन्या आठवणी क्रमाने सांगणे हा मेंदूचा उत्तम व्यायाम आहे आणि आपले ऐकणारे कोणी आहे ही भावना एकटेपणावर कोणत्याही गोळीइतकीच उपयोगी पडते.

गणपतीचे कारखाने. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागांत भाद्रपदाची तयारी ऐन उन्हाळ्यात चालू असते. रांगेने मांडलेल्या मूर्ती, हातावर तोलून केलेली डोळ्यांची आखणी हे सारे बसून पाहता येते. मात्र ज्यांना दमा किंवा जुनाट खोकला आहे, त्यांनी घासकाम आणि रंगाची फवारणी चालते त्या भागात जाऊ नये. आखणी चालते त्या बाजूला, दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडाशी बसावे. श्वासाचा पंप खिशात असावा, घरी नव्हे.

कोलाडची कुंडलिका. मे महिन्यात बहुतेक नद्या आटतात, ही वाहते. याचे कारण भिरा येथील जलविद्युत केंद्र. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट ज्याचे नेते होते, त्याच धरणाचे पाणी १९२७ पासून घाट उतरून भिऱ्याला येते, वीज निर्माण करते आणि कुंडलिकेत सोडले जाते. सकाळी सुटणाऱ्या या पाण्यावर कोलाडला तरुण मंडळी राफ्टिंग करतात. नातवंडे नावेत आणि आजी-आजोबा काठावरच्या सावलीत, ही विभागणी उत्तम. नदीच्या पात्रातील खडकांवर मात्र बसू नये. पाणी सुटले की पातळी थोड्या वेळात वाढते आणि ज्येष्ठांना तेथून घाईने उठता येत नाही.

संध्याकाळसाठी रोह्याचा नदीकाठ आणि धावीर महाराजांचे देऊळ. ऊन उतरल्यावर देवळात निवांत टेकावे, ओळखीची माणसे भेटावीत, घरी परतावे. पेणकरांनी संध्याकाळी गावातील वाचनालयात तासभर घालवावा. सहल म्हणजे लांबच गेले पाहिजे, असे नाही. ज्यांना जिना उतरणेही कठीण आहे, त्यांना खुर्चीवर अंगणात किंवा ओटीवर आणून बसवणे हीसुद्धा सहलच होय.

कुड्याची लेणी आणि अवचितगड ही ठिकाणे सुंदर आहेत, पण चढणीची आहेत. गुडघे आणि हृदय यांचा विचार करून ती हिवाळ्यासाठी राखून ठेवावीत.

पालीला जाताना पाय सांभाळा

रोहे-पेणकरांची उन्हाळी सहल पालीच्या बल्लाळेश्वराशिवाय पुरी होत नाही. दर्शनानंतर बरेच जण जवळच्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या कुंडांकडे वळतात. येथे मधुमेहींना विशेष इशारा द्यावासा वाटतो. अनेक वर्षांच्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होते. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, तरी चटका जाणवत नाही. संध्याकाळी फोड दिसतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका सत्तरीतील बाईंनी अशाच एका कुंडात पाय शेकत बराच वेळ घालवला होता. ‘पाण्याने बरे वाटत होते, डॉक्टर’ असे त्या सांगत होत्या, आणि दोन्ही पावलांची कातडी सुटली होती. जखम भरायला दीड महिना लागला.

म्हणून दर्शन सकाळी लवकर घ्यावे. चप्पल काढल्यावर पायांत सुती मोजे असावेत. कुंडाचे पाणी आधी घरातील निरोगी, तरुण माणसाने हाताने पाहावे आणि ज्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांनी कुंडात पाय घालूच नयेत. हृदयविकार असणाऱ्यांनीही गरम पाण्यात बसण्याचा मोह टाळावा. रक्तदाब एकदम उतरून बाहेर येताना भोवळ येते. घरी परतल्यावर तळपाय उजेडात पाहणे हे सोबत गेलेल्याचे काम समजावे.

पाणी न पिण्याचे खरे कारण

प्रवासात ज्येष्ठ मंडळी पाणी पीत नाहीत, ते तहान नसते म्हणूनच नव्हे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, तेथे कमोड असेल का, आपल्यासाठी गाडी थांबवावी लागेल का, या संकोचाने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. हे त्या सांगत नाहीत, विचारावे लागते. काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की निघण्यापूर्वीच ‘दर तासाने आपण थांबणार आहोत’ असे स्वतःहून जाहीर करावे आणि थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात. या एका वाक्याने जेवढे पाणी पोटात जाते, तेवढे शंभर सूचनांनी जात नाही.

लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. मात्र ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पन्हे, कोकम सरबत, पातळ ताक ही आपली पेये उत्तम. मधुमेहींनी साखर व गूळ वगळावा. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम अधिक असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. रस्त्याकडेला कातकरी-ठाकूर भगिनी ताडगोळे, करवंदे, जांभळे घेऊन बसतात. ती जरूर घ्यावीत, करवंदे-जांभळे धुऊन खावीत. पेणचे पापड आणि मिरगुंडे प्रसिद्ध आहेत, पण त्यांतील मीठ व पापडखार ध्यानात ठेवून रक्तदाबाच्या रुग्णांनी ती चवीपुरतीच घ्यावीत. आंबा मधुमेहींना पूर्ण वर्ज्य नाही. साखर आटोक्यात असेल तर लहानशा आंब्याच्या एक-दोन फोडी जेवणातील थोडा भात कमी करून घ्याव्यात. आमरसाची वाटी नको.

औषधांची पिशवी

लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या उन्हाळ्यात अधिक प्रभावी ठरून अशक्तपणा आणि भोवळ आणू शकतात. त्या परस्पर बंद करू नयेत. मात्र सुट्टी सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे मोजून घ्यावा. आवश्यक तर मात्रा बदलता येते.

इन्सुलिन गाडीत ठेवू नये. उन्हात उभी गाडी काही मिनिटांत भट्टी होते. थर्मासमध्ये ठेवावे, पण बर्फाला थेट लागू देऊ नये. याच कारणाने ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून वृद्ध माणसाला बंद गाडीत बसवून जाऊ नये. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटे असावीत. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे, कमी पाण्यात नव्हे.

ही लक्षणे ओळखा

थकवा, डोकेदुखी, पायांत गोळे, मळमळ, भोवळ ही पहिली पायरी. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, घोट-घोट पाणी द्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा. अर्ध्या तासात बरे न वाटल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग चटका बसेल असे तापले, तर तो उष्माघात समजावा. ‘घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबू नये : अंगावर पाणी ओतावे, पंखा लावावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा थंड फडकी ठेवावीत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी या तापावर चालत नाही. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

सोबत जाणाऱ्यांसाठी शेवटचे

सहलीच्या आदल्या रात्री ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारावा : ‘तुम्हाला कुठे जावेसे वाटते?’ पुष्कळदा उत्तर अनपेक्षित येते. कोणाला माहेरची वाडी पाहायची असते, कोणाला जुन्या शाळेसमोर उभे राहायचे असते, कोणाला पन्नास वर्षांपूर्वीच्या मैत्रिणीला भेटायचे असते. अशा भेटीला तासभर पुरतो आणि तो सकाळच्या गारव्यात सहज बसतो. मृगाचा पाऊस येईपर्यंत अशा सात-आठ सकाळी हाताशी असतात. त्यांतील एक-दोन तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे घालवाव्यात.