ना सूत, ना माग, तरी ताणणारे कापड

आमच्या धरणगावात कापूस कोणाला दाखवावा लागत नाही. वेचणी, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होणे, रुईचे सूत, सुताचे विणकाम आणि मग कापड, हा क्रम खानदेशातल्या मुलांना पाठच असतो. विद्यार्थी मित्रांनो, आज मात्र ज्यासाठी सूतही कातले नाही आणि मागही चालवला नाही, अशा कापडाकडे आपण पाहणार आहोत. त्याला नॉनवोव्हन म्हणतात. 2020 साली करोनाच्या साथीत सर्वांनी तोंडाला लावलेल्या निळ्या मुखपट्ट्या याच जातीच्या होत्या.

अशी एखादी पट्टी हातात घेऊन ताणून पाहा. थोडी लांबेल आणि फाटेल. सोडल्यावर पूर्ववत होणार नाही. मुखपट्टीचे यात काही बिघडत नाही. पण मुरगळलेल्या गुडघ्याला बांधायचे कापड असे असून कसे चालेल? गुडघा वाकला की कापड लांबले पाहिजे, सरळ झाला की आखडले पाहिजे. सुती क्रेप बँडेजमध्ये हे काम सुताचा पीळ करतो. त्यातले उभे धागे मुद्दाम इतके पिळलेले असतात, की मोकळे सोडताच ते आखडतात. नॉनवोव्हनमध्ये सूतच नाही, मग पीळ देणार कशाला? तेव्हा स्प्रिंग प्रत्येक तंतूतच असली पाहिजे. ती तिथे घालण्याचे काम उष्णता करते.

पॉलिएस्टरचा तंतू म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांची मोळी. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी तो शोधला. टेरिलीन या नावाने तो घरोघरी पोचला. कारखान्यात तंतू ओढून लांब करतात, तेव्हा साखळ्या ताणून एका दिशेत बसतात. थंडीत त्या जागच्या जागी गोठल्यासारख्या राहतात. तापमान 75-80 अंश सेल्सियसच्या वर गेले, की त्या वळवळू लागतात, गुंतू पाहतात, आणि तंतू आकसतो. तो वितळायला मात्र सुमारे 255-260 अंश लागतात. या दोन तापमानांमधल्या पट्ट्यातच आपली सगळी गंमत घडते.

आता युक्ती पाहा. दोन प्रकारचे पॉलिएस्टर एकाच छिद्रातून शेजारी शेजारी बाहेर काढायचे, म्हणजे एकाच तंतूच्या दोन बाजू दोन स्वभावांच्या होतात. तापवल्यावर एक बाजू जास्त आकसते, दुसरी कमी. मग तंतू सरळ कसा राहील? इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली द्विधातू पट्टी आठवा! तीही अशीच वाकते. फरक इतकाच, की पट्टी गार झाल्यावर सरळ होते आणि तंतू होत नाही, कारण तापलेल्या अवस्थेत साखळ्यांच्या काही भागांचे स्फटिक बनतात आणि नवा आकार कुलूपबंद होतो. जास्त आकसणारी बाजू आत राहून तंतूचे वेटोळे बनते. निसर्गाने ही युक्ती आधीच वापरली आहे. मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीच्या केसालाही दोन वेगळ्या बाजू असतात, म्हणून तो कुरळा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी छान होते, पण असा कुरळेपणा तिच्यात थोडाच.

थोडा हिशेब करू. समजा वेटोळ्याचा व्यास अर्धा मिलिमीटर आहे आणि दोन वेढ्यांतले अंतर 1 मिलिमीटर. वेढा उलगडून कागदावर मांडला तर काटकोन त्रिकोण मिळतो. एक बाजू 1, दुसरी 3.14 × 0.5 म्हणजे 1.57. कर्ण निघतो सुमारे 1.86. म्हणजे द्रव्य मुळीच न ताणता तंतू 86 टक्के लांबू शकतो. आहे की नाही पायथागोरसची कमाल?

कापड करताना आधी तंतू पिंजून पातळ थर करतात. हे यंत्र म्हणजे आपला पिंजारीच समजा. काटेरी सुया खुपसून किंवा पाण्याच्या बारीक झोतांनी तंतू एकमेकांत अडकवतात. मग थर गरम हवेच्या भट्टीतून नेतात, आणि तोही ढिला सोडून. ताणून धरला तर तंतूंना वेटोळे घालायला जागाच मिळत नाही. ढिला थर आकसतो, वेटोळी शेजारच्या वेटोळ्यांत गुंततात, आणि ताणणारे कापड तयार होते.

दुसरी रीत याच्या उलट आहे. साधे नॉनवोव्हन तापवून लांबीत ओढायचे. कांद्याची जाळीची गोणी लांबीत ओढली की कशी अरुंद होते, तसे ते अरुंद होते. त्याच स्थितीत गार केले, की पुढे ते रुंदीच्या दिशेने ताणते आणि परत येते. आपल्या राज्यात नॉनवोव्हनचा अभ्यास करायचा असेल, तर इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत त्याचे खास केंद्र आहे.

मग कापसाचे हे तंतू का करत नाहीत? कारण कापूस वितळत नाही, मऊही पडत नाही. फार तापला की करपतो. पाण्याच्या झोतांनी कापसाचे नॉनवोव्हन होते आणि पाणीही छान शोषते, पण उष्णतेने त्यात स्प्रिंग बसत नाही. तरी कापूसवाल्या गावाने लगेच खचू नये. सुती क्रेप पट्टी धुऊन पुन्हा वापरता येते, आणि शेवटी उकिरड्यात कुजून जाते. पॉलिएस्टरची एकदाच वापरून फेकलेली पट्टी तिथे वर्षानुवर्षे तशीच पडून राहील. हे मोल तिच्या किमतीत धरलेले नसते.

हा फरक घरीच पाहता येईल. गळाचा नायलॉन दोरा, म्हणजे तंगूस, एका खिळ्यावर घट्ट गुंडाळा; दुसऱ्या खिळ्यावर सुती दोरा. टोके बांधून, मोठ्यांच्या देखत, दोन्ही उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. गार करून, पूर्ण वाळल्यावर दोरे सोडवा. दोन्हींची वेटोळी दिसतील. आता दोन्ही गार पाण्यात बुडवा. सुती दोरा ढिला पडेल, तंगूस तसाच राहील. मग तंगूस पुन्हा पुन्हा ताणून सोडा, आणि कितव्या वेळी त्याची लांबी वाढलेली दिसते ते पट्टीने मोजून लिहा. ताणणाऱ्या कापडाची परीक्षाही प्रयोगशाळेत अशीच, ताणून आणि सोडून घेतात.