रूळ टिकू लागले तेव्हा

पुण्याहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग उरुळी सोडून यवत गाठताना कासुर्डीच्या परिसरातून जातो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने पुणे ते डिकसळ हा टप्पा डिसेंबर १८५८मध्ये खुला केला. बोरघाटातला लोहमार्ग पुरा व्हायला तेव्हा आणखी चार वर्षांहून अधिक काळ लागणार होता. त्यामुळे विलायतेहून बोटीने मुंबईला उतरलेले रूळ घाटरस्त्याने वर चढवावे लागले. हे रूळ घडीव लोखंडाचे होते, पोलादाचे नव्हे. मग पोलादाने औद्योगिक युग घडवले, असे म्हणायचे कशाच्या जोरावर? रेल्वे, कापडगिरण्या, आगबोटी हे सारे स्वस्त पोलादाच्या आधीच अवतरले होते. आक्षेप रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्या युगाची सुरुवात लोखंडाने केली आणि ते परवडेल असे पोलादाने केले.

घडीव लोखंडासाठी कामगार भट्टीच्या दारातून लांब सळई आत घालून वितळलेले बीड ढवळत राही, आणि घट्ट झालेला गोळा ओढून काढून हातोड्याखाली घाली. अंगात जेवढे बळ, तेवढाच माल. हेन्री बेसेमरने १८५६मध्ये मांडलेल्या रीतीत वितळलेल्या बिडातून हवा फुंकली जाई. त्यातला कार्बन आणि सिलिकॉन जळे आणि त्याच उष्णतेने धातू पातळ राही. वेगळे इंधन लागत नसे. वीसेक मिनिटांत कित्येक टन पोलाद तयार. मात्र खनिजातल्या फॉस्फरसने ते ठिसूळ होई. हा अडसर सिडनी गिलख्रिस्ट टॉमसने १८७८च्या सुमारास दूर केला. खरा फरक इंग्लंडातल्या डर्बी स्थानकात दिसला. जिथे लोखंडी रूळ सहा महिन्यांच्या आत बदलावे लागत, तिथे १८५७मध्ये घातलेला पोलादी रूळ १८७३पर्यंत टिकला. आपल्याकडे तर कंपनीला पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची, आणि त्या तिजोरीचा मोठा आधार शेतसारा. झिजणाऱ्या रुळाचा भार असा अखेर रयतेवर येई.

दख्खनचे पोलाद तर त्याआधी शतकानुशतके नावाजलेले होते, असे कोणी म्हणेल. होतेच, पण मुशीत शेरा-दोन शेराने निघणाऱ्या त्या पोलादाच्या तलवारी होत, मैलोगणती रूळ नव्हेत. नुसती रीत ठाऊक असूनही भागत नाही, हे आपल्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याने दाखवले. लोहाऱ्याच्या उत्तम लोहखनिजाविषयीचा १८८२चा अहवाल वाचून जमशेटजी टाटा त्याकडे वळले, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कसोटीला उतरला नाही आणि सरकारी खाणपरवान्यांच्या अटीही जाचक होत्या. पुढे १९०७मध्ये टाटा कंपनीच्या भांडवलासाठी स्वदेशीच्या भरात हजारो भारतीयांनी पैसा घातला, आणि साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, फेब्रुवारी १९१२मध्ये पोलाद निघाले. पहिल्या महायुद्धात तिथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले.