नाव झेल्डाचे, तलवार लिंकची

'द लेजंड ऑफ झेल्डा' हे नाव ऐकून हिरव्या टोपीतल्या तलवारधारी मुलालाच झेल्डा समजणारे पुष्कळ! त्या मुलाचे नाव लिंक. झेल्डा ही राजकन्या, आणि बहुतेक वेळा तिची सुटका करणे हे त्याचे काम.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने हा व्हिडिओ गेम १९८६ साली आणला. शिगेरू मियामोतो यांनी लहानपणी सोनोबे गावाच्या आसपास रानात, गुहांत भटकण्याचा आनंद त्यात ओतला होता. कुठे जायचे हे खेळ सांगत नसे. झुडूप जाळून पाहावे, भिंतीजवळ बॉम्ब ठेवून पाहावा. गुप्त जिना सापडला की मित्राला कधी एकदा सांगतो असे होई. तेव्हाची ती मुले आज पन्नाशीच्या घरात आहेत. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने त्यांना मोकळे रान परत दिले, पण कोड्यांची जुनी लांबलचक भुयारे गेली, ही त्यांची तक्रार रास्तच आहे.

त्याहून जुना प्रश्न असा, की खेळ जिच्या नावाचा, तिने कैदेत बसून किती वाट पाहायची? २०२४ च्या 'एकोज ऑफ विज्डम'मध्ये लिंकच नाहीसा होतो आणि झेल्डा त्याच्या शोधात निघते. निन्टेंडोच्या मूळ मालिकेत मुख्य नायिका व्हायला तिला ३८ वर्षे लागली! तलवार तिला मिळते, पण थोडाच वेळ चालते. एरवी जादूच्या छडीने वस्तूंच्या प्रतिकृती उभ्या करायच्या, पलंगावर पलंग रचून भिंत चढायची आणि दमल्यावर त्याच पलंगावर झोप काढायची.