मराकेशचा करार, कागलचा माग

जगाचा बाजार उघडला की राजधानीपासून दूरच्या जिल्ह्यांचं काय होतं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत उभं राहून शोधलेलं उत्तर.

सकाळची पाळी भरायच्या वेळी लक्ष्मी टेकडीच्या फाट्यावर दहा मिनिटं थांबावं. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, यळगूड या गावांतून मोटारसायकली येत असतात. काही दूधगंगेचा पूल ओलांडून निपाणीच्या बाजूने येतात. हँडलला जेवणाचा डबा, अंगात कारखान्याचा शर्ट. हंगाम असेल तर त्यांच्यामधूनच उसाच्या ट्रॉल्या वाट काढतात. रात्रभर भरलेला चाळीस फुटी कंटेनर महामार्गाला लागतो आणि पुण्याच्या दिशेने न्हावा-शेवा बंदराकडे निघतो. ट्रॉलीतला ऊस पंचक्रोशीतच गाळला जाईल. कंटेनरमधल्या चादरी मात्र काही आठवड्यांनी अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात मांडल्या जातील.

इथल्याच एका कापड कारखान्याच्या तपासणी खात्यात मी एकदा तासभर उभा होतो. खालून दिवे लावलेल्या काचेवरून कापड सरकत होतं आणि समोर सांगावकडची विशी-बाविशीतली मुलगी उभी होती. मला ते कापड पांढरंशुभ्र, निर्दोष दिसत होतं. तिने मात्र मशीन थांबवलं, एका जागी बोट ठेवलं आणि तिथे खूण चिकटवली. आडवा धागा तुटलेला होता. दोषाच्या लांबीनुसार एक ते चार गुण द्यायचे, गुण ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की तागा बाद करायचा, ही पद्धत जगभरचे खरेदीदार मानतात. "पहिलं सा म्हैनं मलाबी दिसायचं न्हाई," ती म्हणाली. "आता नजर आपसूक जातीय."

तिची ही नजर आणि दिल्ली, जिनिव्हा, वॉशिंग्टनला होणारे निर्णय यांचा संबंध फार जवळचा आहे. तो समजला, की खुल्या व्यापाराने एखादा भाग वर का येतो आणि दुसरा मागे का राहतो, हे उलगडायला लागतं.

कोट्याचा बांध

१९७४ पासून जगाचा कापड व्यापार एका बहुधागा कराराने बांधलेला होता. कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचं किती कापड पाठवायचं, याचा कोटा अमेरिका आणि युरोपातले श्रीमंत देश ठरवत. शर्टाचा आकडा वेगळा, चादरीचा वेगळा. माल कितीही चांगला आणि स्वस्त असला तरी कोटा संपला की विक्री संपली. तिकडच्या गिरण्या टिकाव्यात म्हणून हा बांध घातलेला होता.

एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेश शहरात जागतिक व्यापाराच्या नव्या करारावर सह्या झाल्या, आणि कापडाचा कोटा दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरलं. १ जानेवारी २००५ रोजी तो पूर्ण उठला. त्याआधीच भारताने आपलं दार उघडायला सुरुवात केली होती. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, बहुतेक उद्योगांचं परवाना बंधन गेलं. त्यापूर्वी काही वस्तूंवर ३०० टक्क्यांच्याही वर असलेलं आयातशुल्क त्या वर्षी १५० टक्क्यांच्या आत आणलं गेलं. शेतमाल सोडून इतर वस्तूंवरचं कमाल शुल्क २००७-०८ पर्यंत सर्वसाधारणपणे १० टक्क्यांवर आलं. परदेशी माग, रंगाई-प्रक्रियेची यंत्रं आणणं परवडू लागलं.

कोटा उठण्याच्या त्या काळात युरोपातल्या जुन्या विणकाम घराण्यांनी ओळखलं, की आपल्याकडे आता मजुरी परवडणार नाही. इटलीतल्या झाम्बाईती समूहाबरोबर रेमंडने उंची सुती शर्टिंगचा कारखाना कागलला उभारला. आज तो रेमंड लक्झरी कॉटन्स या नावाने ओळखला जातो. ऑस्ट्रियातल्या एफ. एम. हेमर्ले या जुन्या कापड घराण्याचं नाव ओसवालांच्या कारखान्याबरोबर याच एमआयडीसीत आलं. सूत कातणारी, १९८८ मध्ये स्थापन झालेली इंडो काउंट चादरींच्या धंद्यात उतरली आणि तिचा चादरींचा कारखाना इथे आला. मराकेशला ठरलेली तारीख कागलच्या माळावर अशी उतरली.

मुंबई सोडून कागलच का?

अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन आणि राउल लिवास एलिसोंदो यांनी १९९६ मध्ये याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा साधा आहे. देशाची बाजारपेठ बंद असते तेव्हा गिऱ्हाईक, कच्चा माल पुरवणारा आणि परवाना देणारा साहेब हे सगळे महानगरात असतात. म्हणून कारखानाही तिथेच जातो आणि महानगर फुगत राहतं. बाजार उघडला की गिऱ्हाईक परदेशात जातं. मग महागड्या शहराला चिकटून राहण्याचं कारण उरत नाही. मेक्सिकोत नेमकं हे घडलं. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या आधीपासूनच तिथले कारखाने मेक्सिको सिटी सोडून अमेरिकेच्या सीमेवरच्या हुआरेस, तिहुआना या शहरांकडे सरकू लागले होते.

पण यातून निघणारा अर्थ अर्धाच आहे. महानगर सोडलेला कारखाना मागास भागातच जाईल, याची हमी कोणी देत नाही. चीनमध्ये तो शेन्झेनसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांत गेला, आतले प्रांत कित्येक वर्षं मागे राहिले. आपल्याच राज्यात बुटीबोरी, शेंद्रा, नांदगाव पेठ, कृष्णूर आणि कागल-हातकणंगले या सगळ्यांना पंचतारांकित हे एकच बिरुद मिळालं. रुंद रस्ते, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, सगळं एका ठिकाणी द्यायचं, अशी कल्पना होती. तरी पाचही ठिकाणची वाढ सारखी झाली नाही. भूखंड सरकार पाडू शकतं. त्यावर कारखाना टिकवायला लागणारा कसबी हात सरकारी आदेशाने तयार होत नाही.

पेरणी आधीची

कोल्हापूरकडे तो हात आधीपासून होता. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी सुरू झाली. त्याआधीच, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे धावू लागली होती. राधानगरी धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. शेजारच्या इचलकरंजीत जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला. यंत्र उघडून पाहायचं आणि आपल्या भट्टीत तसंच ओतायचं, ही या मातीची जुनी खोड आहे.

उसाच्या घाण्याला आणि विहिरीच्या पंपाला ऑइल इंजिन हवं होतं. ते शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी बनवलं. इंजिनासाठी कास्टिंग हवं, म्हणून फौंड्री आली. फौंड्रीला पॅटर्न हवा, म्हणून पॅटर्न करणारा सुतार आला. पुढे विजेचे पंप आले आणि इंजिनाची मागणी घसरली, तेव्हा याच फौंड्र्या ट्रक-ट्रॅक्टरचे भाग ओतू लागल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने शिरोली आणि गोकुळ शिरगावला वसाहती उभ्या केल्या. केंद्राच्या एका धोरणाचाही हातभार लागला, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लोखंड-पोलाद देशभर सारख्या भावात मिळेल, अशी वाहतूक खर्चाची सोय सरकारने केली होती. त्याने बिहार-झारखंडचा खाणीजवळ असण्याचा फायदा हिरावला. कोल्हापूरसारख्या, खाणींपासून शेकडो मैल दूरच्या गावाला मात्र फौंड्री चालवणं परवडलं.

म्हणून किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने कागलला कारखाना काढला, तेव्हा आसपास कास्टिंग ओतणारा, त्यावर मशीनिंग करणारा आणि जॉबवर्क घेणारा माणूस तयारच होता. एका मोठ्या कारखान्यामागे दोन-चार मशीन घेऊन बसलेले कितीतरी छोटे उद्योजक असतात. मोठ्याची ऑर्डर त्यांच्यापर्यंत झिरपते, आणि प्रादेशिक विकास म्हणतात तो या झिरपण्यात असतो. ही साखळी नसेल तर परदेशी ऑर्डर येते आणि एका आवारातूनच परत जाते.

खुल्या व्यापारामुळे कागल घडलं, असं म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. कागल तयार होतं, म्हणून खुला व्यापार त्याच्या उपयोगी पडला.

कुणाच्या पदरात किती

तयारी नसलेल्यांचं काय झालं, याचा अभ्यास पेटिया टोपालोव्हा या अर्थतज्ज्ञ महिलेने केला आहे. १९९१ नंतर ज्या भारतीय जिल्ह्यांमधल्या उद्योगांवरचं शुल्काचं संरक्षण जास्त कमी झालं, तिथल्या ग्रामीण भागात गरिबी इतर जिल्ह्यांच्या तुलनेत हळू घटली. कारण, बुडणाऱ्या धंद्यातला माणूस तरणाऱ्या धंद्यात सहज जाऊ शकत नाही. त्याच्याकडे ते कसब नसतं आणि गाव सोडायला पैसाही नसतो.

हे पाहायला लांब जावं लागत नाही. कागलहून तासाभराच्या आतच इचलकरंजी आहे. तिथे साध्या यंत्रमागावर तीन पिढ्या घालवलेला माणूस वेगवान, धोट्याविना चालणाऱ्या मागापुढे उभा राहतो, तेव्हा त्याला नवं मशीन घ्यायला कर्ज लागतं आणि ते चालवायला नवं शिक्षण. दोन्ही मिळालेला तरतो. न मिळालेला माग भंगारात काढतो.

एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या गावांतही हिशेब सरळ नाही. सातबारा एकदाच जातो. मोबदल्यातून घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, गाडी घेतली की तो पैसा संपतो. नंतर त्या घराला दर महिन्याचा पगारच धरून ठेवतो. तो पगार कायम कामगाराचा असेल तर घरातली मुलं इंजिनिअरिंगला जातात. ठेकेदाराकडचा असेल तर वर्षानुवर्षं तीच पाळी, तोच दर, आणि ऑर्डर कमी झाली की "उद्या येऊ नका" हा निरोप. खुल्या व्यापाराचं भलंबुरं गावात याच जागी ठरतं.

दार बाहेरून लागलं तर

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर दोन टप्प्यांत ५० टक्क्यांवर नेला. अमेरिका बाहेरून मागवते त्या सुती चादरींत भारताचा वाटा निम्म्याहून जास्त होता. म्हणजे हा घाव थेट आपल्या भागावर होता. कर कागदावर तिकडचा आयातदार भरतो. पण तो लगेच इकडे फोन करून भाव पाडून मागतो, किंवा ऑर्डर थांबवतो. कारखाना आधी जादा पाळी बंद करतो, मग ठेक्यावरच्या माणसांना घरी बसवतो. वॉशिंग्टनमधला निर्णय असा पायरी-पायरीने खाली येतो आणि सगळ्यात कमकुवत खांद्यावर टेकतो.

त्याच वर्षी दुसरं एक दार उघडण्याचं ठरलं. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. ब्रिटनमध्ये भारतीय कापड-कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क लागत होतं, बांगलादेशाला मात्र माफी होती. या करारात आपल्या मालावरचं ते शुल्क शून्य करण्याचं ठरलं. एका देशावर सगळा भार न ठेवता चार बाजारांत पाय रोवणं किती गरजेचं आहे, ते या एका वर्षाने शिकवलं.

आपल्या हातातलं

कोणता देश कधी कर लावेल, हे कागलने ठरवायचं नाही. पण बऱ्याच गोष्टी इथे आणि मुंबईत ठरतात. इथला कंटेनर आजही घाट उतरून पावणेचारशे किलोमीटरवरच्या बंदराला जातो. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा रेल्वेमार्ग झाला, तर कोकणचा किनारा जवळ येईल. तो वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. विजेचा दर कर्नाटकापेक्षा जास्त आहे, ही इथल्या उद्योजकांची जुनी तक्रार आहे, आणि राज्याची हद्द कोगनोळीला, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. रंगाईचं पाणी शुद्ध न होता ओढ्याला लागलं, तर पंचगंगेकाठचा शेतकरी या प्रगतीची किंमत चुकवतो. हे तिन्ही प्रश्न आपल्या सरकारचे, आपल्या महामंडळांचे आणि आपल्याच उद्योजकांचे आहेत.

सगळ्यात मोठा प्रश्न त्या तपासणी टेबलाशी आहे. सांगावच्या त्या मुलीला नजर यायला सहा महिने लागले. त्या काळात तिचं शिक्षण कारखान्याने आपल्या गरजेपुरतं केलं. उद्या तो माग दुसरीकडे गेला तर ती नजर कुठे वापरायची, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. हुपरीतला चांदीचा कारागीर, इचलकरंजीतला मागवाला, उद्यमनगरातला मोल्डर यांना आणि त्यांच्या मुलामुलींना नवी यंत्रं शिकवणारी केंद्रं या वसाहतीच्या दारातच हवीत. ती कारखानदार आणि शासन यांनी मिळून चालवावीत. तिथे मिळणारं प्रमाणपत्र एका कंपनीपुरतं नको. कुठल्याही दारात चाललं पाहिजे.

शाहू महाराजांच्या काळात रेल्वे, धरण, गिरणी यांची पायाभरणी झाली, तेव्हा मराकेशच्या कराराचा कुणी विचारही केला नव्हता. तरी जवळजवळ शंभर वर्षांनी तो करार झाला, तेव्हा त्याचा लाभ घ्यायला हा जिल्हा उभा होता. पुढचा करार कुठे आणि कधी होईल, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी सांगावच्या मुलीच्या हातात काय कसब असेल, ते मात्र आजच ठरवावं लागेल.