टक वाजल्यावर

रिकर्व्ह धनुष्याच्या रायझरवर, म्हणजे मधल्या मुठीच्या भागावर, बाण टेकतो तिथेच, धातूची एक पातळ पट्टी असते. तिला क्लिकर म्हणतात. बाण तिच्याखाली अडकवून ओढायचा. ओढ पुरी झाली, बाणाचं टोक मागे सरकलं, की पट्टी निसटून रायझरवर आपटते आणि ‘टक’ वाजतं. ते ऐकलं की दोरी सोडायची. प्रत्येक बाण सारखाच ओढला जावा, हे तिचं काम. मला मात्र कित्येक वर्षं वेड आहे ते तिच्या दुसऱ्या गुणाचं. ‘टक’ आणि दोरी सुटणं यांच्यामधला वेळ मोजता येतो, आणि तो वेळ तिरंदाजाबद्दल गुणफलकाच्या आधी बोलतो.

ऑलिंपिकमध्ये आज रिकर्व्हचं अंतर ७० मीटर, दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं.

आवाज ऐकून हालचाल करायला माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतात. डोळ्यांनी खूण पाहून करायची तर ०.२च्या आसपास. क्लिकर कानाशी बोलतो, त्यामुळे वेळही वाचतो आणि डोळा निशाण्यावर मोकळा राहतो. धावण्याच्या शर्यतीत इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली तर फॉल्स स्टार्ट धरतात, कारण इतक्या लवकर कुणी ऐकून निघू शकत नाही. तोच हिशेब इथे लावा. त्याहून लवकर सुटलेला बाण ऐकून सोडलेला नसतो, अंदाजाने सोडलेला असतो.

हे मोजायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका मैदानावर प्रशिक्षकांनी साधा मोबाइल तिपाईवर लावून आवाज मुद्रित केला. लॅपटॉपवर लहरी उघडल्या. पहिला उंचवटा बारीक, टोकदार, तो क्लिकरचा. दुसरा जाड आणि थरथरत विरत जाणारा, तो दोरीचा. मधलं अंतर घ्यायचं आणि दोरी बाणाला ढकलते तेवढे साधारण ०.०१५ सेकंद वजा करायचे. एक शाळकरी मुलगी नेम धरत होती. सुरुवातीला तिची अंतरं जवळजवळ सारखी. ऊन चढलं तशी ती विस्कटली. एक बाण घाईत, पुढचा रेंगाळलेला. गुण अजून घसरले नव्हते.

“पाठ थांबतेय बघ तुझी,” प्रशिक्षक म्हणाले.

“सर, नेमाची पिन हलतेय म्हणून थांबते.”

“हलू दे. टक झाल्यावरही ओढ चालू राहिली पाहिजे.”

अख्खं तंत्र या एका वाक्यात आहे. पाठीचे स्नायू थांबले की कोपर ढिलं पडतं, बाण किंचित पुढे सरकतो आणि ७० मीटरवर खाली जातो. म्हणून सगळ्यांत कमी आकड्याच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. आकडा बाणागणिक सारखा यायला हवा. थोडा सावकाश पण एकसारखा सोडणारा खेळाडू मी केव्हाही पसंत करेन.

बोटं ‘आपोआप सुटतात’ असं मैदानावर म्हणतात. तुर्कस्तानातल्या हायरी एर्तान आणि सहकाऱ्यांनी कोपराखालच्या स्नायूंवर विद्युतअग्रं लावून पाहिलं. २००३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ‘टक’नंतर बोटं मिटणारे स्नायू सैलावतातच, शिवाय बोटं उघडणारे स्नायू आकुंचनही पावतात. सुटण्यात शरीराचं काम आहे, ते सरावाने इतकं मुरतं की जाणवत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांचे हृदयाचे ठोके दूरच्या कॅमेऱ्यांनी मोजून पडद्यावर दाखवले. महिलांच्या अंतिम लढतीत बरोबरीनंतरच्या शूट-ऑफला कोरियाच्या आन सानचे ११८, तिची प्रतिस्पर्धी येलेना ओसिपोव्हाचे १६७. बाण गेले १० आणि ८. शेजारी क्लिकरनंतरचा वेळही दाखवला असता तर केवढी मजा आली असती!

कंपाउंड या दुसऱ्या प्रकारच्या धनुष्यात मात्र क्लिकर वापरत नाहीत. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ओजसने तर अंतिम फेरीत १५०पैकी १५० घेतले, ते हातातल्या रिलीज यंत्राने. तिथे ऐकायला ‘टक’ नाही. निशाण्यावर नेम स्थिरावल्यापासून यंत्र सुटेपर्यंतचा वेळ मोजावा लागतो, आणि त्याला आवाजाऐवजी कॅमेरा लागतो.