पोहे अनेकवचनी, साबुदाणा एकवचनी : चिनी माणूस इंग्रजीत मोजतो तेव्हा

‘आय बॉट अ ट्राउझर्स. माय टीचर गेव्ह मी मेनी अ‍ॅडव्हाइसेस. फॉर लंच आय एट अ चिकन.’

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याच्या वहीत असली वाक्यं हमखास सापडतात. तिसऱ्या वाक्याचा इंग्रजीत होणारा अर्थ असा, की या गड्यानं दुपारी अख्खी कोंबडी एकट्यानं संपवली! शिक्षक लाल शाईनं गोल करतात आणि ‘व्याकरण कच्चं’ असा शेरा मारतात. पण यातल्या बहुतेक चुकांच्या मागे एक पक्कं व्याकरण उभं असतं. ते मँडरिन चिनीचं असतं, एवढंच. आणि ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ म्हणणाऱ्या आपण मराठी लोकांनी त्याला हसण्याआधी जरा दमानं घ्यावं. आपण केस अनेकवचनात कापतो, म्हणून इंग्रजीतही ते अनेकवचनात गळतात.

इंग्रजीतल्या संख्या आणि प्रमाण सांगणाऱ्या शब्दांबद्दल शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचेही काही गैरसमज घट्ट बसलेले आहेत. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : चिनीत अनेकवचन नाही, म्हणून चिनी माणसाला मोजणीची जाणच कमी

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मँडरिनमध्ये नामाचं रूप सहसा बदलत नाही, हे खरं. पुस्तक एक असो वा शंभर, शब्द ‘शू’च. पण आकडा थेट नामाला चिकटवता येत नाही. मध्ये एक मापशब्द लागतोच. ‘तीन पुस्तकं’ म्हणजे ‘सान बेन शू’. यातला ‘बेन’ हा पुस्तकांसाठीचा मापशब्द. कागद, तिकीट, टेबल, पलंग अशा सपाट पृष्ठभागाच्या वस्तूंना ‘जांग’. मासा, साप, नदी, रस्ता, विजार अशा लांबट गोष्टींना ‘त्याव’. सुरी, छत्री, खुर्ची, कात्री अशा हातात धरायच्या वस्तूंना ‘बा’. काहीच सुचलं नाही, तर सर्वांना चालणारा ‘ग’.

आपल्याकडे कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाची पाकळी, पंगतीला चार जण असे शब्द आहेतच. फरक इतकाच, की आपण ते सोयीनं वापरतो आणि चिनी भाषा ते सक्तीनं वापरायला लावते.

म्हणजे चिनी विद्यार्थी ‘थ्री बुक’ म्हणतो, तेव्हा त्याची मोजणी चुकलेली नसते. त्याच्या भाषेत ‘तीन’ आणि ‘बेन’ यांनी काम पूर्ण केलेलं असतं, नामाला शेपूट कशाला? ‘मन’ हा अनेकवचनी प्रत्यय चिनीत आहे, पण तो सर्वनामांना आणि बहुधा माणसांनाच लागतो. ‘श्वेशंग-मन’ म्हणजे ‘विद्यार्थी मंडळी’. आकडा आला की तोही गळतो. तीन विद्यार्थी म्हणजे नुसतं ‘सान ग श्वेशंग’.

शिवाय उच्चाराचीही अडचण आहे. मँडरिनमधलं अक्षर शेवटी स्वरावर किंवा अनुनासिकावर, फार तर ‘र’वर संपतं. ‘बुक्स’मधला शेवटचा ‘क्स’ त्या जिभेला सवयीचा नाही. त्यामुळे लिहिताना नीट लिहिलेला ‘स’ बोलताना अनेकदा गिळला जातो.

गैरसमज २ : जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल

शाळेत हा नियम असाच शिकवला जातो आणि इथेच घोळ सुरू होतो. बॅगा मोजता येतात, पण ‘लगेज’ अनकाउंटेबल. खुर्च्या मोजता येतात, पण ‘फर्निचर’ अनकाउंटेबल. दोन्ही धान्यंच, तरी इंग्रजीत ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. फ्रेंच माणूस माहिती, सल्ला आणि फर्निचर बिनदिक्कत अनेकवचनात बोलतो. त्याच्याकडचं फर्निचर काही वेगळ्या लाकडाचं नसतं.

यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात पोहे भिजवले जातात आणि साबुदाणा भिजवला जातो. तांदूळ निवडले, पण साखर आणली. हरभरे शिजले, पण डाळ शिजली. साबुदाण्याचे दाणे पोह्यांपेक्षा मोजायला सोपे, तरी तो एकवचनी. कोणत्याही मराठी पोराला याचं कारण विचारा, ते ‘असंच म्हणतात’ म्हणेल. आणि तेच खरं उत्तर आहे. मोजता येणं हा वस्तूचा गुण कमी आणि भाषेच्या सवयीचा भाग जास्त.

‘न्यूज’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ चिनी विद्यार्थ्याला अडवतात ते यामुळेच. चिनीत बातमीला आणि सूचनेला ‘त्याव’ हा मापशब्द लागतो, जो माशाला लागतो तोच. ‘यी त्याव शिनवेन’, एक बातमी. मग इंग्रजीत ‘अ न्यूज’ होणं ओघानंच आलं.

या प्रश्नावर भाषाशास्त्रज्ञांतही वाद झाले आहेत. जेन्नारो किएर्किया यांनी १९९८ मध्ये मांडलं, की चिनीतली नामं एका अर्थी सगळीच पाणी, वाळू यांसारखी आहेत आणि मापशब्द त्यांचे तुकडे पाडतात. लिसा चेंग आणि रिंट सायबेस्मा यांनी त्याच सुमारास दाखवलं, की मोजता येणारं आणि न येणारं हा भेद चिनीतही आहे, फक्त तो नामात दिसत नाही, मापशब्दाच्या वागण्यात दिसतो. ‘तीन खोकी पुस्तकं’ म्हणताना खोक्यानंतर ‘द’ हा प्रत्यय घालता येतो, ‘सान शियांग द शू’. ‘सान बेन द शू’ मात्र चालत नाही. खोकं हे बाहेरून आणलेलं माप आहे. ‘बेन’ मात्र पुस्तकाचं मूळचंच एकक आहे.

गैरसमज ३ : अनकाउंटेबल शब्द कायमचा अनकाउंटेबल

आपण टपरीवर ‘दोन चहा’ सांगतो, ‘दोन कप चहा’ म्हणत बसत नाही. इंग्रजीतही हॉटेलात ‘टू कॉफीज’ चालतं. चिनीत ‘यी वान थांग’ म्हणजे एक वाडगा सूप आणि ‘यी ग थांग’ म्हणजे मेन्यूमधला सूप हा एक पदार्थ. तिन्ही भाषा एकच खेळी करतात. पदार्थ वाहता असला, तरी ठरलेला वाटा मोजता येतो.

‘चिकन’ची गंमत इथेच कळते. ‘आय एट चिकन’ म्हणजे कोंबडीचं मांस. ‘अ चिकन’ म्हणजे पंखांपासून तंगड्यांपर्यंत एक कोंबडी. ‘हेअर’ म्हणजे डोक्यावरचे केस, ‘अ हेअर’ म्हणजे आमटीत सापडलेला तो एकच. ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. मँडरिनमध्ये ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी आर्टिकल्सच नाहीत. त्यामुळे एवढासा ‘अ’ जेवणाच्या ताटात किती उलथापालथ करतो, हे शिकणाऱ्याला कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

गैरसमज ४ : अडलं की ‘अ पीस ऑफ’ लावा

हा उपाय चिनी विद्यार्थ्याला जवळचा वाटतो, कारण त्याची रचना त्याच्याच भाषेसारखी आहे. आकडा, मापशब्द, नाम. ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’, ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’ इथे ही सवय उपयोगी पडते. पण तीच चावी सगळ्या कुलपांना लागत नाही. ब्रेडची ‘स्लाइस’ किंवा ‘लोफ’, साबणाची ‘बार’, तांदळाचा ‘ग्रेन’. आणि जिथे नाम स्वतःच मोजता येतं तिथे मध्ये काहीच नको. ‘थ्री बुक्स’ म्हणायचं, ‘थ्री पीसेस ऑफ बुक’ नाही.

विजार आणि कात्री ही आणखी एक गंमत. चिनीत विजार एक ‘त्याव’ आणि कात्री एक ‘बा’, म्हणजे स्वच्छ एक वस्तू. इंग्रजीत दोन पायांची विजार आणि दोन पात्यांची कात्री या जोड्या ठरतात. म्हणून ‘अ पेअर ऑफ ट्राउझर्स’. विजार एकच असली, तरी क्रियापद अनेकवचनी. ‘माय ट्राउझर्स आर वेट.’

गैरसमज ५ : ‘मेनी’ आणि ‘मच’ पाठ केले की काम झालं

चिनीत ‘हेन द्वो’ म्हणजे ‘पुष्कळ’. तो माणसांनाही चालतो, पाण्यालाही. मराठीतला ‘खूप’ही तसाच, खूप लोक आणि खूप दूध. इंग्रजी दोघांना वेगळं करतं. ‘मेनी पीपल’, पण ‘मच मिल्क’. त्यातही साध्या होकारार्थी वाक्यात ‘मच’ अवघडल्यासारखा वाटतो, बोलताना ‘अ लॉट ऑफ’ सोपा पडतो. चिनी वाक्यात ‘माणसं खूप आहेत’ अशी मांडणी चालते, म्हणून ‘द पीपल आर व्हेरी मेनी’ ऐकू येतं. इंग्रजी तिथे वाक्य उलटं फिरवतं. ‘देअर आर अ लॉट ऑफ पीपल.’

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक सुराचा आहे. पहिल्यात तक्रार, दुसऱ्यात समाधान. ‘क्वाइट अ फ्यू’ मात्र चक्क ‘बरेच’. तो चिनी माणसाला लगेच पटतो, कारण त्याच्याकडे ‘बू शाव’ आहे. शब्दशः ‘थोडे नाहीत’, अर्थ ‘बरेच’.

गैरसमज ६ : मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’ वापरणं म्हणजे अडाणीपणा

‘फ्यूअर’ मोजता येणाऱ्यांना आणि ‘लेस’ न मोजता येणाऱ्यांना, हे परीक्षेत पाळावं. पण हा काही अनादि नियम नाही. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लेखनात शब्दांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींनाही ‘लेस’चं जुनं रूप लागलेलं आहे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी ‘फ्यूअर’ अधिक बरं वाटतं असं स्वतःचं मत लिहिलं, आणि पुढे मताचा नियम झाला. ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानसाखळीनं २००८ मध्ये ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाटीवरचा वादच टाळला. नवी पाटी होती ‘अप टू टेन आयटम्स’. अंतर, वेळ आणि पैसे यांना मात्र ‘लेस’च शोभतो. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ म्हणजे ‘लेस दॅन फाइव्ह मिनिट्स’.

गैरसमज ७ : आकडे सगळीकडे सारखेच, त्यांचं काय भाषांतर करायचं?

चीनच्या २०२० च्या जनगणनेचा आकडा घ्या. आपण तो वाचतो १४१ कोटी १७ लाख ७८ हजार ७२४. इंग्रज वाचतो १ बिलियन, ४११ मिलियन, ७७८ थाउजंड, ७२४. चिनी वाचतो १४ यी, ११७७ वान, ८७२४. आकडा एकच, पण तो कापायच्या जागा तीन. इंग्रजी तीन-तीन अंकांवर कापतं, चिनी चार-चारांवर, आणि आपण आधी तीन, मग दोन-दोनांवर.

इथला ‘वान’ म्हणजे दहा हजार आणि ‘यी’ म्हणजे दहा कोटी; सूपच्या उदाहरणातले ‘यी’ आणि ‘वान’ वेगळे. ‘यी’ला घाईत ‘बिलियन’ म्हटलं, की हिशेब दहापट फुगतो. मराठी माणसाला चिनी आकडा इंग्रजीमार्गे समजून घ्यायची गरजच नाही. दहा वान म्हणजे बरोबर एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी. इंग्रजीत बोलताना मात्र ‘टू मिलियन’ला ‘स’ लावायचा नाही. आकडा नेमका नसेल तरच ‘मिलियन्स ऑफ’.

पटीचा शब्द तर आणखी फसवा. चिनीत ‘दोन बेइनं वाढलं’ म्हणजे मूळ रकमेत तिच्या दुप्पट भर पडली, एकूण तिप्पट झाली. ‘दोन बेइपर्यंत वाढलं’ म्हणजे दुप्पट. भाषांतरात हे एक अव्यय निसटलं, तर कारखान्याच्या अहवालातला एक तृतीयांश नफा गायब होतो. सेलच्या पाटीवरही असंच. ‘दा बा जे’ यात आठ आहे, पण तो ऐंशी टक्के सूट सांगत नाही. किमतीचे दहापैकी आठ भाग द्या, असं तो सांगतो. हजार युआनचा कोट आठशेला, म्हणजे सूट वीस टक्के.

मग शिकायचं कसं?

चिनी मूल ‘शू’ हा शब्द एकटा शिकत नाही, ‘बेन’सकट शिकतं. मासा शिकताना ‘त्याव’ सोबत येतो. नेमकी हीच सवय इंग्रजीत न्यावी. ‘अ‍ॅडव्हाइस’ पाठ करताना ‘अ पीस ऑफ’सकट, ‘ट्राउझर्स’ पाठ करताना ‘अ पेअर ऑफ’सकट, आणि ‘बुक’ पाठ करताना शेवटच्या ‘स’सकट. व्याख्येपेक्षा जोडी लक्षात ठेवावी.

आपणही तसंच शिकलो आहोत. पोळी ती, पराठा तो, थालीपीठ ते. तव्यावर तिघांचा आकार जवळजवळ सारखा. तरी लहानपणी यामागचा नियम आपल्याला कोणी सांगितला नाही आणि आपण विचारलाही नाही. ताटात वाढताना जसं ऐकलं, तसं जिभेवर बसलं. चिनी विद्यार्थ्याला लाल शाईच्या गोलापेक्षा असं ताट वाढणारा शिक्षक मिळाला, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.