वाटीतली कवळी आणि शंभर वर्षं

आजोबांची अर्धी कवळी रात्री स्टीलच्या वाटीत, पाण्यात बुडवून ठेवलेली असायची. गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर तीन दात आणि दोन्ही टोकांना तारेचे आकडे. आकडे ढिले पडले की आजोबा ते बोटांनी आवळून पुन्हा कवळी चढवत. चारेक वर्षांत आकडे ज्या दातांना धरून होते, तेच दात हलायला लागले. ते काढले आणि कवळीत दोन दात वाढले. घरात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. वयाप्रमाणे दात जायचेच, असं सगळे म्हणाले.

पुढे मी दातांचाच धंदा शिकलो, तेव्हा कळलं की वयावर ढकललेला हा दोष निम्मा त्या पट्टीचा होता. काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा हाच दोष ओळखून दूर करण्याचा आहे.

सुरुवातीला प्रश्न साधा होता, खिंडार बुजवायचं. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या दातातून त्यांची कवळी कोरली आणि त्या एकुलत्या दातासाठी तिला भोक ठेवलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट आलं आणि कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पण तीही मुख्यतः हिरडीवर टेकायची आणि चावण्याचा सगळा भार त्या मऊ गादीवर पडायचा.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तिशीत चित्र पालटलं. १९०७ साली विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या साच्यातून धातू ओतण्याची रीत दंतवैद्यकात रुळवली, त्यामुळे तोंडाच्या मापाचा नेमका सांगाडा बनू लागला. १९१८च्या सुमारास सर्व्हेयर आला. तिरकं करता येणाऱ्या टेबलावर दातांचा प्लास्टरचा साचा बसवायचा आणि उभ्या दांड्यातली ग्राफाइटची कांडी प्रत्येक दाताभोवती फिरवायची. दाताचा फुगवटा जिथे सर्वांत जास्त, तिथे काळी रेघ उमटते. आकड्याचं लवचीक टोक या रेघेखाली जातं. कोबाल्ट-क्रोम धातूच्या आकड्याला तिथे साधारण ०.२५ मिलिमीटर खोल जागा पुरते. त्याहून खोल गेलं, तर कवळी काढता-घालताना दाताला दर वेळी हिसका बसतो.

१९२५ साली न्यूयॉर्कच्या एडवर्ड केनेडी यांनी खिंडारांचे चार वर्ग पाडले आणि ते आजही शिकवले जातात. पहिल्या वर्गात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्या, दुसऱ्यात एकाच बाजूच्या. तिसऱ्यात खिंडाराच्या दोन्ही टोकांना दात शाबूत असतात. चौथं खिंडार समोरचं, मध्यरेषा ओलांडणारं.

सगळ्यात अवघड पहिला वर्ग. दात तंतूंच्या झुल्यात असतो, घास पडला की केसभरच दबतो. हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. त्यामुळे मागे आधार नसलेली कवळी चावताना मागून खाली बसते आणि पुढचा आकडा, पहारीने दगड उचकटावा तसा, दाताला उचकटतो. यावर उपाय म्हणून कवळीचा एकेक अवयव ठरत गेला. दाढेच्या माथ्यावर चमच्यासारखी उथळ खोबण करून तिच्यात बसणारा रेस्ट भार दातातून सरळ खाली नेतो. दोन्ही बाजू जोडणारी धातूची पट्टी खालच्या जबड्यात हिरडीच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर, तर वरच्यात सहा मिलिमीटर दूर ठेवतात, म्हणजे हिरडीची कड दबत नाही. कवळी मागून उचलली जाऊ नये म्हणून पुढच्या दातांवर वेगळा टेकू लागतो.

१९५२ साली एम. एम. डीव्हॅन यांनी या सगळ्याचं सार मांडलं: गेलेल्याची जागा भरण्यापेक्षा उरलेलं टिकवणं मोठं. ते तत्त्व आकाराला आलं १९६३मध्ये. क्रॅटोचव्हिल यांनी रेस्ट दाताच्या मागच्या कडेवरून पुढच्या कडेवर नेला. आता कवळी मागे दबली की आकडा दाताला ओढण्याऐवजी त्याच्यापासून सुटा होतो. बदल जेमतेम काही मिलिमीटरचा, पण पहारीचा टेकूच हलला.

दरम्यान १९३७च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आलं. स्वस्त, गुलाबी, झटपट. पुढे इम्प्लांट आले, आता सांगाडा संगणकावर आखून लेझरने धातूच्या भुकटीतून घडवता येतो. पण रेस्ट कुठे बसवायचा, हे यंत्र आपण होऊन ठरवत नाही, ते सांगावं लागतं. आपल्याकडे लॅबला माप जातं, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेकदा दातांचा रंग लिहिलेला असतो. रेस्टची जागा क्वचितच.

आजोबांची ती पट्टी आईने जपून ठेवली आहे. परवा ती मी खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली. आकडे चांगले घट्ट आहेत. रेस्ट एकही नाही.